टॅबला हेडफोन लावला की आवाज गायब, एकाच कानात किंवा नुसती खरखर: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

टॅबचा स्पीकर ठणठणीत वाजतो, पण हेडफोन लावला की एक कान मुका होतो, खरखर सुरू होते किंवा काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी बहुतेकांचा पहिला तर्क ‘जॅक गेला’ असा असतो. जॅक जातो, हे खरं. पण त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. त्याआधी हेडफोनची वायर आतून तुटलेली असू शकते, जॅकच्या तळाशी धुळीचा बोळा बसलेला असू शकतो, पिन जाड कव्हरला अडत असू शकते किंवा सेटिंगमधली एक पट्टी कुणाच्या तरी बोटाने एका बाजूला सरकलेली असू शकते. यातल्या एकाही गोष्टीसाठी टॅब उघडावा लागत नाही.

खालच्या तपासण्या सोप्या आणि बिनखर्चाच्या आधी, अवघड आणि खर्चाच्या नंतर अशा लावल्या आहेत. हा क्रम पाळा. मधली पायरी गाळली की धड हेडफोन कचऱ्यात जातो, नाहीतर धड जॅक बदलला जातो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

आधी लक्षण नीट ओळखा

‘आवाज येत नाही’ एवढ्या वर्णनावर काहीच ठरवता येत नाही. नेमकं काय होतंय ते पाहा. बऱ्याचदा लक्षणच दोषाची जागा सांगतं.

- हेडफोन लावला तरी आवाज स्पीकरमधूनच येतो: हेडफोन लागलाय हे टॅबला कळलेलंच नाही. पिन पूर्ण आत गेलेली नाही, किंवा युएसबी-सीचा ॲडॅप्टर या टॅबला चालणारा नाही.
- स्पीकर गप्प होतो, पण हेडफोनमध्येही शांतता: टॅबने हेडफोन ओळखला आहे, आवाज मात्र पोचत नाही. व्हॉल्यूम, ब्लूटूथ आणि वायर या तिन्हींवर संशय.
- हेडफोन काढून घेतला तरी वरच्या पट्टीत हेडफोनचं चिन्ह तसंच, स्पीकर बंद: जॅकमध्ये कचरा किंवा ओलावा आहे, किंवा आतली स्प्रिंगची पट्टी अडकली आहे.
- एकाच कानात आवाज, किंवा एक कान दुसऱ्यापेक्षा बारीक.
- वाद्यं ऐकू येतात पण गाणाऱ्याचा आवाज गायब, किंवा सगळंच विहिरीतून आल्यासारखं: हे लक्षण फार नेमकं आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.
- पिन फिरवली, दाबली किंवा वायर हलवली की आवाज येतो-जातो: सैल जोड. तो वायरीत आहे की जॅकमध्ये, एवढंच शोधायचं.
- गाणं आपोआप थांबतं, व्हॉल्यूम स्वतःहून वर-खाली होतो, मध्येच व्हॉइस असिस्टंट उघडतो: वायरीवरच्या बटणाचा किंवा जॅकमधल्या ओलाव्याचा प्रकार. टॅबमध्ये व्हायरस शिरलेला नाही.
- चार्जर लावल्यावरच घरघर.

अदलाबदल: दोन मिनिटांत निम्मं काम

दुसरा एखादा वायरचा हेडफोन घ्या, जो दुसऱ्या उपकरणावर नीट वाजतो याची खात्री आहे. तो या टॅबला लावा. मग तक्रारीचा हेडफोन दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला लावा. दोन्ही वेळा एकच गाणं, तेही टॅबमध्ये आणि दुसऱ्या उपकरणात साठवलेलं वापरा. ऑनलाइन वाजवलं तर नेटचा किंवा ॲपचा दोष मध्ये घुसतो.

तक्रार हेडफोनच्या मागे मागे दुसऱ्या उपकरणावर गेली, तर दोष हेडफोनचा. दोन्ही हेडफोनवर टॅबमध्येच तक्रार राहिली, तर दोष टॅबचा: जॅक, कचरा किंवा सेटिंग. दोन्ही हेडफोन दुसरीकडे नीट आणि टॅबवर फक्त एकच बिघडतो, तर टॅब आणि तो हेडफोन दोन्ही धड आहेत. त्यांचं एकमेकांशी जुळत नाही, आणि ते पिनवरच्या कड्यांच्या भागात पाहू.

एक खबरदारी घ्या. एका गाण्यावरून ‘एक कान बंद’ असा निर्णय देऊ नका. स्टीरिओच्या सुरुवातीच्या काळातल्या कित्येक ध्वनिमुद्रणांत गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला ठेवलेली असत. डावा-उजवा तपासण्याचा ऑडिओ वापरा, ज्यात आधी एका कानात आणि मग दुसऱ्या कानात आवाज येतो.

कव्हर काढा आणि पिन शेवटपर्यंत ढकला

टॅबची कव्हरं फोनच्या कव्हरांपेक्षा जाड असतात आणि जॅक बऱ्याचदा कोपऱ्यात असतो. कव्हरचं भोक लहान असेल आणि हेडफोनच्या पिनेमागचा प्लास्टिकचा भाग जाड असेल, तर पिन एखाद-दीड मिलिमीटर बाहेरच राहते. नजरेला ती बसलेली दिसते. पण ३.५ मिमीच्या पिनेचा धातूचा भाग साधारण १४ मिमी लांब असतो आणि त्यावरचा प्रत्येक भाग जॅकमधल्या ठरलेल्या पट्टीसमोरच यावा लागतो. एवढ्याशा फरकाने ग्राउंडची, म्हणजे परतीच्या तारेची, पट्टी सुटते किंवा डावी-उजवी अशा आवाजाच्या दोन वाहिन्या एकाच पट्टीवर येतात.

कव्हर पूर्ण काढून पिन सरळ ढकला. शेवटी हलकी ‘टिक’ हाताला जाणवायला हवी. ती जाणवली आणि आवाज आला, तर दोष कव्हरचा. भोक थोडं मोठं करून घ्या किंवा बारीक गळ्याची पिन असलेली छोटी एक्स्टेंशन वायर वापरा. टिक जाणवलीच नाही आणि पिनेचा खांदा टॅबच्या कडेला टेकत नाही, तर आत काहीतरी आहे. ते काढण्याआधी दोन सोप्या गोष्टी उरकून घ्या.

इअरफोनची जाळी

कानात घालायच्या इअरफोनचा एक कान ‘बारीक’ झाला की पहिला संशय जाळीवरच घ्यावा. मळ हळूहळू साचतो, म्हणून आवाज एकदम जात नाही. महिनोन्‌महिने कमी होत जातो. रबराची टोपी काढा, जाळी उजेडाकडे धरून पाहा. पिवळसर किंवा तपकिरी थर दिसला तर जाळीचं तोंड जमिनीकडे करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. तोंड खालीच हवं. वर धरलं तर मळ आत पडून पडद्यावर बसतो. पाणी लावू नका, सुई घालू नका. टोपीच्या आतली नळीही पाहा, मळ तिथेही अडकतो. टोपी मात्र साबणाच्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून बसवायला हरकत नाही.

व्हॉल्यूम, ब्लूटूथ आणि बॅलन्स

अँड्रॉइडमध्ये मीडिया, कॉल, रिंग आणि अलार्म यांचे आवाज वेगवेगळे असतात. शिवाय मीडियाचा आवाज स्पीकरसाठी वेगळा आणि हेडफोनसाठी वेगळा लक्षात ठेवला जातो. म्हणून स्पीकर मोठ्याने वाजतो आणि हेडफोन लावला की शांतता, असं निव्वळ व्हॉल्यूममुळेही होतं. हेडफोन लावलेला असताना, गाणं सुरू असताना, व्हॉल्यूमचं बटण दाबा आणि पडद्यावर कोणती पट्टी हलते ते पाहा. ॲपमध्ये स्वतःची वेगळी आवाजाची पट्टी असेल तर तीही.

मग ब्लूटूथ बंद करा. शेजारच्या खोलीतला स्पीकर किंवा डबीत ठेवलेले इअरबड जोडलेले राहिले, तर आवाज गुपचूप तिकडे जातो. शंका असेल तर व्हॉल्यूमच्या पट्टीशेजारी किंवा नोटिफिकेशनमधल्या प्लेअरवर आवाज कुठे जातोय ते दिसतं. तिथून वायरचा हेडफोन निवडा.

एक कान बंद असेल तर बॅलन्सची पट्टी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. अँड्रॉइडमध्ये ती ॲक्सेसिबिलिटीत, ऐकण्याशी संबंधित भागात असते; विभागाचं नाव कंपनीनुसार बदलतं. आयपॅडमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ अँड व्हिज्युअल असा रस्ता आहे. पट्टी बरोबर मध्यावर हवी. लहान मुलांच्या हाती टॅब असेल तर ती सरकलेली सापडणं अजिबात नवलाचं नाही. तिथेच मोनो ऑडिओ नावाचा पर्याय असतो. तो सुरू असेल तर डावा-उजवा भेद जातो आणि आवाज सपाट वाटतो, पण कान बंद होत नाही. ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठी ती फार मोलाची सोय आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या टॅबवर ती विचारल्याशिवाय बंद करू नका.

दोन्ही कानांत आवाज बारीक असेल तर आयपॅडच्या साउंड्स विभागात हेडफोन सेफ्टी उघडा. तिथे मोठा आवाज कमी करण्याची मर्यादा ७५ ते १०० डेसिबलच्या दरम्यान लावता येते आणि ती खाली ओढलेली असेल तर हेडफोन दबका वाजतो. अँड्रॉइडवर कंपनीची मीडिया व्हॉल्यूम मर्यादा किंवा पालक-नियंत्रण पाहा. स्टुडिओसाठी बनवलेले २५० किंवा ३०० ओहमचे (ओहम हे विजेच्या रोधाचं माप) मोठे हेडफोन टॅबवर बारीकच वाजतात. टॅबचा छोटा ॲम्प्लिफायर त्यांना पुरा पडत नाही; त्यात बिघाड काही नाही.

हे सगळं पाहून झाल्यावर टॅब एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. नुसता पडदा बंद करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. मीटिंगचं ॲप अर्धवट बंद झालं की आवाजाचा मार्ग कॉलच्या पद्धतीवर अडकून राहतो, आणि तो रिस्टार्टने मोकळा होतो.

जॅकची सफाई

ही पायरी घाईने करू नका. टॅब बॅगेत, गादीवर, सोफ्यावर फिरतो. जॅकचं भोक उघडं असतं. आत गेलेला प्रत्येक धागा, कागदाचा प्रत्येक कण पिन लावताना आणखी तळाशी ढकलला जातो. काही महिन्यांत त्याची घट्ट चकती बनते.

टॉर्च जॅकच्या तोंडाशी तिरकी धरा आणि भिंग असेल तर त्यातून आत बघा. फोनचा कॅमेरा झूम करूनही चालतं. स्वच्छ जॅकमध्ये कडेने दोन-तीन-चार चकाकत्या पट्ट्या आत डोकावताना दिसतात आणि तळ काळा, सपाट दिसतो. बुजलेल्या जॅकचा तळ करडा आणि केसाळ दिसतो, गोधडीच्या धाग्यांसारखा, आणि तो अपेक्षेपेक्षा वर आलेला असतो. पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर तो गंज आहे, धूळ नाही.

टॅब पूर्ण बंद करा, चार्जर काढा. लाकडी टूथपिकचं टोक कात्रीने अगदी किंचित कापून बोथट करा. टॅब असा धरा की जॅकचं तोंड जमिनीकडे राहील. टूथपिक भिंतीला चिकटवून तळापर्यंत न्या, हळूच फिरवा आणि बाहेर ओढा. मधोमध घातली तर बोळा आणखी दाबला जातो. पहिल्यांदा थोडे धागे येतात, दोन-तीनदा केल्यावर पूर्ण चकती सुटते. दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश मिळाला तर तो टूथपिकपेक्षाही चांगला. पण त्याच्या मध्ये तार असते, म्हणून टोकाला प्लास्टिकचा लेप असलेलाच घ्या आणि जोर लावू नका.

टाचणी, सेफ्टीपिन, सुई, कागदाची क्लिप यांपैकी काहीही आत घालू नका. जॅकमधल्या पट्ट्या पातळ स्प्रिंगच्या असतात. धातूचं टोक त्यांच्यामागे अडकलं आणि बाहेर ओढलं की पट्टी वाकते. वाकलेली पट्टी बाहेरून सरळ करता येत नाही, आणि जो टॅब फुकटात बरा झाला असता त्याला नवा जॅक लागतो. तोंडाने फुंकूही नका. वाफ आत जाते. दाबाच्या हवेचा डबाही नको. तो तिरका किंवा उलटा झाला की थंड द्रव आत फवारला जातो. हवाच मारायची असेल तर कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा वापरा.

धूळ निघाली पण पिन फिरवल्यावर खरखर राहिली, तर पट्ट्यांवर चिकट थर किंवा हलका गंज आहे. ९० टक्के किंवा त्याहून अधिक शुद्धतेचा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. तो जॅकमध्ये ओतायचा नाही. ब्रशला लावून जास्तीचा झटकून टाका, मग ब्रश आत तीन-चार वेळा फिरवा. हेडफोनची पिनही त्याच अल्कोहोलने कापडावर पुसून घ्या. मग पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. घासण्यानेच पट्ट्या उजळतात. अर्धा तास टॅब बंद ठेवून वाळू द्या. अत्तर, सॅनिटायझर किंवा केरोसीन वापरू नका. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि जेल असतं, ते आत राहून गंज वाढवतं.

हेडफोन काढल्यावरही चिन्ह हटत नसेल तर सफाईनंतर टॅब सुरू करून पिन वीसेक वेळा सावकाश आत-बाहेर करा. पिन आत आली हे टॅबला सांगणारी एक वेगळी पट्टी जॅकमध्ये असते. पिन तिला ढकलते तेव्हा जोड बदलतो आणि स्पीकर बंद होतो. ती चिकटली असेल तर या हालचालीने सुटते. काही ॲप्स आवाज जबरदस्तीने स्पीकरकडे वळवतात. तात्पुरती सोय म्हणून ती ठीक, पण अडकलेली पट्टी त्यांनी सुटत नाही.

पिनवरच्या कड्या मोजा

पिनवर दोन काळ्या कड्या असतील तर धातूचे तीन भाग पडतात: टोक डाव्या कानाचं, मधला भाग उजव्या कानाचा, बूड ग्राउंड. तीन कड्या असतील तर चार भाग, म्हणजे माइकही आहे. घोळ इथेच होतो. चार भागांच्या पिनेच्या दोन पद्धती आहेत. सीटीआयए पद्धतीत तिसरा भाग ग्राउंड आणि बूड माइकचं. ओएमटीपी पद्धतीत हे दोन उलटे. आजचे टॅब सीटीआयए पद्धतीचे असतात. जुना ओएमटीपी हेडसेट त्यांना लावला की गाणाऱ्याचा आवाज गायब होतो आणि वाद्यं पोकळ वाजतात.

असं का होतं ते समजून घेतलं की निदान सोपं होतं. दोन्ही कानांच्या स्पीकरना परतीची तार एकच, ती म्हणजे ग्राउंड. ती सुटली की डावा आणि उजवा स्पीकर एकापुढे एक जोडले जातात आणि दोन वाहिन्यांमधला फक्त फरक वाजतो. गाणाऱ्याचा आवाज सहसा दोन्ही वाहिन्यांत सारखा असतो, म्हणून तो वजा होतो. एका बाजूला असलेली वाद्यं आणि खोलीची गुंज तेवढी उरते.

म्हणून हे लक्षण दिसलं की वायरीवरचं बटण दाबून धरा. दाबल्यावर आवाज भरून आला आणि सोडल्यावर पुन्हा पोकळ झाला, तर पद्धत उलटी आहे. बटण माइकची तार ग्राउंडला जोडतं, म्हणून तेवढ्यापुरतं सगळं ठीक होतं. सीटीआयए-ओएमटीपी अदलाबदल करणारी छोटी वायर लावली की काम झालं. बटणाने फरक पडला नाही आणि पिन पूर्ण बसलेली आहे, तर हेडफोनची ग्राउंडची तार तुटली आहे.

आपोआप थांबणाऱ्या गाण्याचं कारणही याच तारेवर आहे. बटणं माइकच्या तारेवर वेगवेगळा रोध लावतात आणि टॅब तो मोजून बटण ओळखतो. अँड्रॉइडच्या ठरलेल्या मापांत ७० ओहमपर्यंत थांबा-चालू, ११० ते १८० व्हॉइस असिस्टंट, २१० ते २९० आवाज वर, ३६० ते ६८० आवाज खाली. घाम किंवा वाफ बटणाच्या डबीत किंवा जॅकमध्ये गेली की तिचाही रोध कुठल्या तरी मापात बसतो आणि टॅबला बटण दाबल्यासारखं वाटतं. हेडफोन एक दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. तरीही थांबलं नाही तर दोन कड्यांचा, बिनमाइकचा हेडफोन लावून पाहा. त्यावर त्रास नसेल तर पहिल्याचं बटण गेलं आहे.

गोल जॅकच नसलेले टॅब

युएसबी-सीमधून ३.५ मिमीचा हेडफोन लावणारे ॲडॅप्टर बाहेरून सारखे दिसतात, पण त्यांच्या दोन जाती आहेत. एका जातीत फक्त तारा असतात. टॅबने स्वतः ॲनालॉग आवाज त्या पोर्टवर दिला तरच तो वाजतो. दुसऱ्या जातीत डिजिटलचा ॲनालॉग करणारी चिप म्हणजे डॅक असते, आणि ती जवळपास सगळीकडे चालते. गोल जॅक नसलेल्या आयपॅडलाही डॅकवालाच लागतो. पाकिटावर डॅकचा उल्लेख नसेल तर तो ॲडॅप्टर घेऊ नये, एवढा साधा नियम ठेवा.

डॅकवाला ॲडॅप्टरही चालत नसेल तर तीन गोष्टी पाहा. काही कंपन्यांच्या टॅबमध्ये ओटीजी, म्हणजे पोर्टला बाहेरचं उपकरण जोडायची सोय, सेटिंगमधून सुरू करावं लागतं आणि वापर नसेल तर काही वेळाने ते आपोआप बंद होतं. डेव्हलपर ऑप्शन्स या अँड्रॉइडच्या एरवी लपलेल्या सेटिंगमध्ये युएसबी ऑडिओ राउटिंग बंद करणारा पर्याय चुकून सुरू झालेला असू शकतो. आणि पोर्टमध्ये बोळा असू शकतो: चार्जरची वायर सैल बसत असेल तर नक्कीच. पोर्टच्या मध्ये पातळ जीभ असते, तिला धक्का न लावता फक्त कडेने टूथपिक फिरवा. ओलाव्याची सूचना आली तर पोर्ट आपोआप वाळू द्या. तांदळात ठेवलं की पोर्टमध्ये पीठ जातं.

ब्लूटूथ हेडफोनचं थोडक्यात

जोडलेला दिसतो पण वाजत नाही: त्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये मीडिया ऑडिओ सुरू आहे का ते पाहा. नंतर जोडणी पुसून नव्याने जोडा. मीटिंगमध्ये आवाज एकदम रेडिओसारखा होतो, कारण माइक सुरू झाला की ब्लूटूथ संगीताचा मार्ग सोडून कॉलच्या मार्गावर जातं. दोष कुठेच नाही. वायरचा हेडफोन किंवा टॅबचा माइक वापरा. एक इअरबड गप्प असेल तर डबीतले आणि इअरबडवरचे चार्जिंगचे टिपके कोरड्या कापडाने पुसा.

घरघर फक्त चार्जिंगच्या वेळी

चार्जर भिंतीतून काढा. घरघर त्याच क्षणी थांबली तर टॅब आणि हेडफोन दोन्ही ठीक आहेत. चार्जरचा विद्युत गोंगाट ग्राउंडमधून हेडफोनपर्यंत येतो आहे. दुसरा चांगला चार्जर लावून पाहा. हलक्या दर्जाच्या चार्जरवर हेडफोन घालून बसणं तसंही टाळावं. आतलं विलगीकरण कमकुवत असेल तर धोका कानापर्यंत पोचतो.

सॉफ्टवेअरची शेवटची खातरजमा

अँड्रॉइडवर सेफ मोडमध्ये टॅब सुरू करा. तिथे बाहेरून टाकलेली ॲप्स बंद राहतात. सेफ मोडमध्ये आवाज नीट आला तर दोष एखाद्या इक्वलायझर, आवाज वाढवणाऱ्या किंवा कॉल रेकॉर्ड करणाऱ्या ॲपचा. अलीकडे टाकलेल्यापासून एकेक काढा. सिस्टीम अपडेट बाकी असेल तर करून घ्या. फॅक्टरी रीसेट शेवटचा, तोही बॅकअपनंतर, आणि पिन हलवल्याने आवाजात अजिबात फरक पडत नसेल तरच. पिन हलवून फरक पडतो तो दोष धातूचा असतो. रीसेटने तो जात नाही, नुसता डेटा जातो.

हेडफोनची वायर मल्टिमीटरने तपासणं

अदलाबदलीत दोष हेडफोनचा ठरला असेल तर मोनो गाणं लावून वायर दोन-दोन सेंटिमीटरवर हलकेच वाकवत जा. तुटण्याच्या ठरलेल्या जागा तीन: पिनेपासून दोन-तीन सेंटिमीटर, दोन कानांकडे वायर फुटते तिथे, आणि बटणाच्या डबीच्या दोन्ही बाजू.

खात्रीसाठी पिन टॅबमधून काढून मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. एक टोक ग्राउंडला लावा: दोन कड्यांच्या पिनेत बूड, तीन कड्यांच्या सीटीआयए पिनेत तिसरा भाग. दुसरं टोक पिनेच्या अग्राला लावा. साध्या इअरफोनमध्ये १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास आकडा येतो आणि त्याच क्षणी डाव्या कानात बारीक ‘टक’ ऐकू येतं. तो आवाज म्हणजे पडदा हलला, वायर अखंड आहे. मग दुसऱ्या भागाला लावा, उजव्या कानात टक यायला हवं. एका बाजूला आकडाच नाही, तर त्या बाजूची तार तुटली. दोन्ही बाजूंना आकडा नाही, पण अग्र आणि दुसरा भाग यांच्यात दुप्पट आकडा येतो, तर ग्राउंड तुटली. गायब गाणाऱ्याचं कोडं इथे सुटतं. बॅटरीवर चालणाऱ्या, गोंगाट कमी करणाऱ्या हेडफोनवर ही मापं लागू होत नाहीत, कारण मध्ये सर्किट असतं.

वायर सुटी निघत असेल तर नवी लावा. नसेल तर नवी पिन सोल्डर करता येते, पण या तारा रंगीत लाखेच्या थराने झाकलेल्या असतात आणि त्यात नायलॉनचे धागेही असतात. तापलेल्या सोल्डरने तो थर जाळला नाही तर जोड लागल्यासारखा दिसतो आणि आवाज येत नाही. चांगल्या, मोठ्या हेडफोनसाठी ही मेहनत करावी. साध्या इअरफोनसाठी नवा घेणं शहाणपणाचं.

इथे थांबा आणि तंत्रज्ञाकडे जा

पिनेचं टोक तुटून जॅकमध्ये राहिलं असेल तर काहीही करू नका. काडीच्या टोकाला झटपट गोंद लावून ते ओढायची युक्ती सांगितली जाते. तो गोंद जरा ओघळला की पट्ट्या कायमच्या चिकटतात.

टॅबची पाठ फुगलेली किंवा पडदा कडेने उचललेला दिसला तर आवाजाचा विषय बाजूला ठेवा. बॅटरी फुगली आहे. टॅब बंद करा, चार्ज करू नका, दाबू नका. जॅकमध्ये चहा, पाणी किंवा सरबत गेलं असेल तरीही बंद करून चार्जरपासून दूर ठेवा आणि लवकर दाखवा. साखरेचा गंज दिवसागणिक पसरतो. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या केंद्राखेरीज कुणालाही उघडू देऊ नका.

बाकी सगळ्यांसाठी कसोटी अशी: दोन-तीन धड हेडफोन, स्वच्छ जॅक, मध्यावर बॅलन्स, सेफ मोड, आणि तरीही तीच तक्रार. पिन एका बाजूला दाबून धरल्यावरच आवाज येत असेल तर जॅकची पट्टी सैल झाली आहे किंवा त्याचा सोल्डर तडकला आहे. दाबून काहीच फरक नाही, स्पीकर आणि ब्लूटूथ मात्र नीट, तर जॅक किंवा त्यामागचा ऑडिओचा भाग. स्पीकरही बिघडलेला असेल तर मुख्य बोर्डापर्यंत जावं लागेल.

घरी उघडण्याच्या फंदात पडू नका. बहुतेक टॅबचा पडदा गोंदाने चिकटवलेला असतो, तो गरम करून उचलावा लागतो, आणि मोठी पातळ काच एका कोपऱ्यातून तडकली की मूळ दुरुस्तीपेक्षा पडदाच महाग पडतो. खाली लिथियमची बॅटरी पसरलेली असते. तिला धातूची पट्टी लागली तर आग लागू शकते.

तंत्रज्ञाला विचारा: या मॉडेलचा जॅक सर्किटच्या वेगळ्या छोट्या पट्टीवर आहे की मुख्य बोर्डवर सोल्डर केलेला? वेगळ्या पट्टीवर असेल तर बदलणं सोपं आणि फायद्याचं. बोर्डवर असेल आणि टॅब जुना असेल तर डॅकवाला युएसबी-सी ॲडॅप्टर किंवा ब्लूटूथ हेडफोन हाच बरा पर्याय. देण्याआधी बॅकअप घ्या.

टॅब परत घेताना तिथेच, कव्हरशिवाय, स्वतःचा हेडफोन लावा. डावा-उजवा ऑडिओ वाजवा, पिन सावकाश पूर्ण एक फेरा फिरवा. कुठेही खरखर नको. माइकवर चार वाक्यं बोलून ऐका, वायरीवरचं बटण दाबा, मग पिन काढून स्पीकर लगेच सुरू होतो का ते पाहा. शेवटी कव्हर घालून हेच एकदा पुन्हा करा.